पाठ बघून आणलेली सून

लोक सून बघायला जातात तेव्हा तोंड बघतात, रंग बघतात, शिक्षण विचारतात. आमचा कोच पाठ बघून आला.

कोच म्हणजे माझा मुलगा. पोटचा. पण सगळं जग त्याला कोच म्हणतं म्हणून मीही म्हणते. उगाच बाळा-राजा म्हणायला जावं आणि त्यानं शिट्टी मारून मलाच तलावाला एक चक्कर मारायला लावावं, सांगता येत नाही. तलावाच्या काठावर बोटींची लांबलचक शेड आहे, तिथं तो मुलींना रोइंग शिकवतो. आमचं घर शेडच्या मागेच. सकाळी उठले की मला कोंबडा ऐकू येत नाही, कर्ण्यातून लेकाचा आवाज ऐकू येतो, "पाठ सरळ, पाठ सरळ". इतकी वर्षं ऐकून माझी स्वतःची पाठ एकदा वीतभर लांब झाली होती. डॉक्टर मोजून थकला.

आता हे खोटं आहे हे तुम्हाला कळलं, मलाही माहीत आहे. आमच्या घरात आजीचं बोलणं निम्म्यानं भागायची पद्धत आहे. मी सांगते की तरुणपणी कपडे धुवायच्या टबात बसून, डावानं वल्हवत, मी एका मालवाहू जहाजाला मागे टाकलं होतं. नातवंडं म्हणतात, म्हणजे आजी टबात बसली होती इतकं खरं. मी काही वाईट वाटून घेत नाही. जेवताना चार माणसं हसली तर अन्न अंगी लागतं.

तर सून. रोइंगचा सगळा कारभार उलटा असतो. बसायचं एकीकडे तोंड करून आणि जायचं दुसरीकडे. डबल म्हणजे दोघींची बोट. त्यात पुढ्यात कुणी नाही अशी जी बसते, ती ठेका धरते. तिला नुसतं मागे गेलेलं पाणी दिसतं. दुसरी तिच्या पाठीशी बसते आणि तिला दिसते फक्त पहिलीची पाठ. पाठ वाकली की हिनं वाकायचं, पाठ मागे आली की हिनं ओढायचं. पहिलीला मात्र आपल्या मागे काय चाललंय ते कधीच दिसत नाही. मान वळवली की बोट डुलते, म्हणून मान वळवायची नाही.

माझी नात ही दुसरी. तिला आम्ही बाळी म्हणतो, ती आता सहा फुटाला दोन बोटं कमी आहे तरी. तिची आई लवकर गेली, त्यामुळे तिला कुणी कशाला नाही म्हणालं नाही. अंगात ताकद मात्र बैलाची. कोच म्हणायचा, "बाळी म्हणजे इंजिन आहे. हिच्यापुढे फक्त एक चांगली पाठ पाहिजे." पण पाठी टिकत नव्हत्या. एकीला नोकरी लागली, एकीचं लग्न झालं, एकीला बाळीनं रागाच्या भरात पाण्याची बाटली फेकून मारली. पाठ गेली की कोच तीन दिवस जेवायचा नाही.

मग एका वर्षी दुसऱ्या एका तलावावर शर्यती होत्या, मीही गेले होते. तिथं एक मुलगी सिंगल मारत होती, एकटीची बोट, तीही उधारीची आणि एका बाजूला पट्टी मारलेली. कोच पुलाखाली उभा राहून बघत बसला. मुलगी पुढून गेली, मागून गेली, तरी हा बघतोच आहे. मला म्हणाला, "आई, पाठ बघ. एवढी वल्ही मारते आहे आणि मानेवरची बट हलत नाही."

मी म्हटलं, "तेल लावलं असेल."

"ठेका बघ गं. घड्याळ आहे घड्याळ."

संध्याकाळी तो तिच्या आईकडे गेला. बाई शिवणकाम करायची, दुकानात पाय मशीनवर आणि तोंडात टाचण्या. ह्यानं सरळ पोरासाठी मागणी घातली. बाईनं टाचण्या काढून विचारलं, "मुलगा काय करतो?"

"बोटी दुरुस्त करतो. तो नंतर बघू. मुलीचं वजन किती?"

बाईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घाबरू नका, आम्ही खात नाही माणसं." पुढे जे झालं त्यावरून वाटतं, ते मी उगाच छातीठोक बोलले.

घरी येताना मी कोचला म्हटलं, "अरे, पार्टनर पाहिजे तर पार्टनर आण, सून कशाला?"

तो म्हणाला, "आई, मुली लग्न करून जातात. जी लग्न करून येईल, ती कुठं जाईल?"

हे असं डोकं. सगळ्या जगात हे फक्त आमच्याच घरात सुचू शकतं.

नवरा मुलगा म्हणजे माझा नातू, बाळीचा दादा. त्याला आम्ही मुका म्हणतो. बोलता येतं चांगलं, पण बापासमोर आवाज फुटत नाही. दिसायला देखणा, हाताला कसब, फाटलेली बोट अशी सांधतो की बोटीलाच आठवत नाही कुठे फाटली होती. पण मुलगी हो म्हणाली ती त्याच्याकडे बघून नाही. शेडमध्ये वरच्या फळीवर एक कोरी सिंगल बोट होती. पिवळी, पातळ, आरपार उजेड दिसेल इतकी हलकी. क्लबला कुणीतरी भेट दिलेली. कोचनं तिला शेडमध्ये नेलं आणि वर बोट दाखवून म्हणाला, "डबलमध्ये बाळीबरोबर मोठ्या खेळांत पदक आण. त्या दिवसापासून ही बोट तुझी. पुढच्या वेळी एकटी जा, मी स्वतः तयारी करून घेईन."

ती फळीखाली मान वर करून उभी राहिली. हो म्हणाली ती बोटीला.

आता वजनाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या पोरी हलक्या वजनाच्या प्रकारात होत्या. त्यात दोघींचं वजन एकत्र धरतात. दोघी मिळून एकशे चौदा किलोच्या वर जायचं नाही, आणि एकटीनं एकोणसाठच्या वर नाही. म्हणजे एक एकोणसाठ असेल तर दुसरीनं पंचावन्नावर यायचं. बाकीच्या घरांत कोच दोघींना सत्तावन्न-सत्तावन्नवर आणतात आणि गप्प बसतात. आमचा कोच म्हणाला, "इंजिन लहान करून कसं चालेल?" बाळी एकोणसाठ आणि सून पंचावन्न, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं.

लग्न होऊन आली तेव्हा पोरगी भरल्या अंगाची होती. सहा महिन्यांत तिचं नाव काडी पडलं. कुणी पाडलं आठवत नाही, पण हाक मारायला सगळ्यांनाच सोपं गेलं. स्वयंपाकघरात टेबलाशेजारी वजनाचा काटा. आधी काट्यावर चढायचं, मग ताटावर बसायचं. आणि काट्यावर बाळी जड भरली की कोच काय करायचा? काडीच्या ताटातून बटाटा उचलायचा. बाळीच्या नाही, काडीच्या. बाळीनं लग्नाच्या वाढदिवसाला केक खाल्ला तर काडीनं दोन दिवस पाणी पिऊन काढायचे, आणि लग्नाचा वाढदिवस कुणाचा, तर काडीचाच.

मी म्हटलं कोचला, "अरे, ही सून आहे की उणे-अधिकचं गणित?"

"आई, तुला रोइंगमधलं काय कळतं?"

"टबातलं कळतं."

सगळे हसले. काडीसुद्धा. ती माझ्या गोष्टींना मनापासून हसायची, पोटात काही नसताना इतकं हसणारं माणूस मी बघितलं नाही. मुका एकदा तिच्यासाठी उकडलेलं अंडं हत्यारांच्या पेटीत लपवून घेऊन आला. तिनं त्याच्या गालावर हात ठेवला आणि अंडं परत पेटीत ठेवलं. म्हणाली, "काट्याला लपवलेलं पण कळतं रे."

मग बातमी आली की मोठे खेळ होऊन गेले की हलक्या वजनाचा प्रकारच बंद. हे शेवटचे. कोचनं सगळ्यांना टेबलापाशी बसवून सांगितलं. बाळी म्हणाली, "मग नंतर मला हवं ते खाता येईल?" काडी उठून ताटं गोळा करायला लागली. नंतर भांडी पुसताना मला म्हणाली, "आजी, एकच संधी आहे माझी. पदक नाही आलं तर ती बोट कधीच खाली उतरणार नाही."

"उतरेल गं. नाही उतरली तर मी शिडी लावून उतरवते."

"तुम्ही टबात बसून उतरवाल," ती म्हणाली आणि हसली.

खेळांना आम्ही सगळे गेलो. सगळ्या देशांचे, सगळे खेळ एकाच ठिकाणी. धावणारे, पोहणारे, भाला फेकणारे. खेळाडूंसाठी राहायच्या इमारती आणि मधोमध खानावळ एवढी मोठी की एका टोकाला वाढलेलं दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत गार व्हावं. सगळं फुकट, दिवसभर. काडीनं फोनवर सांगितलं की ती तिथं पातळ सूपची वाटी घेऊन बसते आणि शेजारी वजन उचलणारी एक बाई बसते, तिच्या ताटात डोंगर. बाईनं दुसऱ्या दिवशी अर्धा डोंगर काडीच्या पुढं ढकलला. भाषा येत नव्हती, पण बिचारीला वाटलं असेल ह्या पोरीच्या देशात दुष्काळ पडलाय. दुष्काळ देशात नव्हता, एकाच घरात होता.

पहिली फेरी दोघींनी जिंकली. उपांत्य फेरीत दुसऱ्या आल्या. मी गॅलरीत इतकी ओरडले की पुढच्या रांगेतल्या माणसाची टोपी उडाली. आता हे निम्म्यानं भागा, टोपी नुसती हलली. उपांत्य फेरीनंतर खेळाडूंना घरच्यांना भेटायला बाहेर सोडतात, तिथं कोचनं बाळीला बाकावर बसवलं आणि पिशवीतून केळी काढली. एक, मग दुसरं, मग दुधाची बाटली, मग ब्रेड.

मी म्हटलं, "उद्या वजन आहे ना रे?"

"काडी आहे ना," कोच म्हणाला. "उद्या फायनल. इंजिनात कोळसा नको?"

काडी तिथंच होती, बाकाच्या दुसऱ्या टोकाला, बुटाची नाडी बांधत. तिनं ऐकलं. नाडी दोनदा बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटींच्या तंबूपाशी गेले. तिथं बाहेरच्यांना सोडत नाहीत. दारावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं तेव्हा मी सांगितलं की आठ जणींच्या बोटीत पुढे एक छोटीशी बाई बसून ओरडत असते ना, ती मी. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मी त्याच्यावर ओरडून दाखवलं. त्यानं सोडलं. हे पूर्ण खरं आहे, ह्यातलं काहीच भागू नका.

तंबूच्या मागे एक काटा ठेवलेला असतो, खरं वजन व्हायच्या आधी आपलं आपण बघायला. मी पोचले तेव्हा बाळी काट्यावरून उतरत होती आणि काडी चढत होती. कोचनं आकडे जोडले. अर्धा किलो जास्त. बाळी एकटीच एकोणसाठच्या काठाला टेकलेली, अर्धा किलो सगळा काडीनं काढायचा.

काडीनं तीन जाकिटं चढवली, वर रबरी पिशवीसारखा कोट, आणि गाड्या लावतात त्या मैदानात धावायला लागली. ऊन डोक्यावर आलं होतं. मी गाडीच्या सावलीत उभी. ती प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जायची आणि प्रत्येक फेरीला तिचं तोंड वेगळं दिसायचं. नंतर ती थांबून एका ग्लासात थुंकायला लागली. तेही वजनच. थुंकी संपली तेव्हा तोंड उघडं ठेवून नुसती उभी राहिली. कोचनं परत काट्यावर चढवलं. अजून थोडं उरलं होतं, पसाभर.

कोच तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "केस."

तिची वेणी कमरेपर्यंत होती. शर्यतीच्या वेळी ती गुंडाळून टोपीत घालायची.

बोटीची डागडुजी करायला मुकाही तिथंच होता, त्याच्या कमरेच्या पट्ट्याला चिकटपट्टी कापायची कात्री अडकवलेली असते. कोचनं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता तरी ह्याच्या तोंडून काही निघेल. मी तर देव पाण्यात घालून बसले होते. त्यानं कात्री काढली.

"मी कापू?" त्यानं बायकोला विचारलं.

"तूच काप. सरळ काप, वाकडं नको," ती म्हणाली.

कात्री चिकटपट्टीची, केसांवर चालेना. तो करवतीसारखा कापत होता. वेणी माझ्या हातात आली. गरम होती, घामानं ओली. काडी परत काट्यावर चढली आणि कोच म्हणाला, "बास." लांब उभी राहून बाळी हे सगळं बघत होती. ती नखं खात होती, आणि मला वाटलं, नखंसुद्धा ही खातेच, ही वजा करत नाही.

वजन पास झालं. मग शर्यतीपर्यंत खायला-प्यायला वेळ असतो. काडीनं पाणी प्यायलं, ते पोटात राहिलं नाही. पुन्हा प्यायलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या वेळी घोट घोट घेतलं आणि डोळे मिटून पडून राहिली. बाळीनं दोन ताटं जेवून घेतली. कोचनंच आग्रह केला. "आता काटा नाही, खा." मी म्हटलं, "अरे, लगेच ओढायचंय, पोटात दुखेल." कोच म्हणाला, "आई, तू गॅलरीत जा."

गेले. शेजारच्या माणसाकडे मोठी दुर्बीण होती. मी ती मागितली, आणि त्यानं दिली ती मी परत केलीच नाही. सहा बोटी सुटल्या. सहा रंगांचे सहा पट्टे पाण्यावर. काडीचं डोकं लगेच ओळखू आलं, टोपीखाली वेडेवाकडे केस. आणि पाठ. काय पाठ होती. पोटात पाण्याचे चार घोट, आणि पाठ अशी चालली होती की जणू कुणी किल्ली देऊन सोडली आहे. अर्ध्यावर आमची बोट तिसरी होती. पाऊण भाग संपला तेव्हा दुसरी.

आता इथं नीट ऐका. मी दुर्बीण काडीवरून मागे सरकवली, बाळी कशी आहे बघायला. बाळीचं तोंड पांढरं होतं. तिनं एक हात वल्ह्यावरून सोडला आणि बरगडीखाली दाबला. एवढंसंच. तेवढ्यात दुसऱ्या हातातलं वल्हं पाण्यात तिरकं गेलं आणि रुतलं. रुतलेलं वल्हं उलटं फिरतं, त्याची मूठ बाळीच्या पोटात बसली आणि ती मागे कोसळली. दोन्ही वल्ही तिच्या हातातून सुटलेली. आणि काडी ओढत होती. तिला काय दिसणार? तिला नुसतं कळलं असेल की बोटीला कुणी मागून धरलं. तिनं मान वळवली नाही. दोघींची बोट ती एकटी ओढत राहिली, एक, दोन, तीन, चार वल्ही, जबडा आवळून, मग कुठे बाळी उठून बसली आणि वल्ही धरली. तोवर दोन बोटी पुढे गेल्या होत्या. आमच्या पोरी चौथ्या आल्या. समोर मोठा पडदा होता, त्यावर पहिल्या तिघींचे चेहरे. चौथीला कॅमेरा कुठला?

मी काठावर पोचले तेव्हा बाळीला सगळ्यांनी मिठीत घेतलं होतं. ती हुंदके देत होती. काडीला बोटीतून उठता येत नव्हतं, मुक्यानं तिला काखेत धरून बाहेर काढलं. कोच तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ठेका सोडलास."

"बोट थांबल्यासारखी झाली, बाबा."

"बोट थांबत नसते. माणूस थांबतो."

"मी नाही थांबले." मग तिनं विचार केला. "मला वाटतं, नाही थांबले."

एक वार्ताहर आला, त्याला कोच म्हणाला, "सून शेवटी कमी पडली. पोरीनं जीव तोडला, पण वजनात फार खाली गेली होती, ताकद राहिली नाही."

मी मध्ये घुसले. "खाली कुणी घातली? आणि कमी ती नाही पडली. बाळीचं वल्हं रुतलं. बाळी आडवी झाली होती. मी बघितलं."

"आई."

"दोन्ही हात सुटले होते तिचे. काडीनं एकटीनं ओढली बोट."

कोच थकलेल्या आवाजात म्हणाला, "आई, तुला हातातला पेपर वाचता येत नाही."

"दुर्बीण होती माझ्याकडे."

"हो. आणि गेल्या वर्षी आपल्या तलावात देवमासा पण दिसला होता."

वार्ताहर हसला. कोच हसला. आणि मुका, बायकोला काखेत धरून उभा असलेला माझा नातू, तोही खाली बघून हसला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, सवय आहे घरातली. पण त्या क्षणी मला कळलं की आता ह्या पोरीच्या बाजूनं साक्षीदार एकच, आणि तो मी.

मी बाळीकडे बघितलं. बाळीनं माझ्याकडे बघितलं आणि परत रडायला लागली, आधीपेक्षा मोठ्यानं.

घरी आलो. जेवणाच्या टेबलावर कोचनं सांगितलं की हलकं वजन आता संपलं. बाळीला वजनाची अडचण नाही, ती खाऊन-पिऊन मोठ्या गटात सिंगल मारेल. सिंगल म्हणजे ती पिवळी.

काडीनं घास खाली ठेवला. "बाबा, ती बोट तुम्ही मला म्हणाला होतात."

"पदक आणलं असतंस तर दिली असती. मी शब्द फिरवणारा माणूस नाही," कोच म्हणाला, आणि त्याच्या मते तो अगदी खरं बोलत होता.

"पण त्या दिवशी," मी सुरुवात केली.

"आई, देवमासा नको."

दुसऱ्या दिवशी पिवळी बोट फळीवरून उतरली. एका टोकाला मुका, दुसऱ्या टोकाला काडी. स्टँडवर ठेवली, आणि कोच काडीला म्हणाला, "बाळीच्या मापानं पाय-पट्टी बसवून ठेव. तुला तिचं माप माहीत आहे." पाय-पट्टी म्हणजे बोटीत जिथं पाय अडकवतात ती फळी. ती मागेपुढे सरकवून स्क्रूनं घट्ट करायची असते. ज्याच्या मापाची, त्याचीच बोट होते.

कोच आणि मुका गेल्यावर मी शेडमध्ये थांबले. काडी गुडघ्यावर बसून स्क्रू ढिले करत होती. मानेवर केस उंदरानं कुरतडल्यासारखे.

मी म्हटलं, "ऐक माझं. तुझा ठेका सुटला नव्हता. बाळीचं वल्हं रुतलं. चार वल्ही तू एकटीनं ओढलीस. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

तिनं मान वर केली. हसली, तेच हसू, मी टबाची गोष्ट सांगितल्यावर हसायची ते. "आजी, तुम्ही किती चांगल्या आहात."

"अगं, चांगली कसली. खरं सांगते आहे."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय. मला माहीत आहे ना, तुम्ही कशा आहात." तिनं पाना फिरवला. "माझ्यात त्या दिवशी काही उरलंच नव्हतं, आजी. मला शेवटचं काही आठवतसुद्धा नाही. बोट जड झाली एवढं आठवतं. मीच सुटले असणार."

तेवढ्यात बाळी आत आली. बोट बघायला आली असेल, किंवा बापानं पाठवली असेल. आम्हा दोघींना बघून दारातच थबकली.

काडी उभी राहिली. पाना हातातच. म्हणाली, "ताई, एक विचारू? खरं सांगा, मला राग येणार नाही. शेवटी माझा ठेका तुटला का?"

मी बाळीकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोल गं, एकदा बोल, बाप इथं नाही. बाळीचे ओठ हलले. ती माझ्याकडे बघत नव्हती, काडीकडे नाही, पिवळ्या बोटीकडे बघत होती.

"थोडासा," ती म्हणाली. "शेवटी शेवटी."

काडीनं मान डोलावली. मग माझ्याकडे वळली, अगदी शांतपणे, लहान मुलाला समजावतात तसं. "बघा आजी. ताईंच्या डोळ्यांसमोर माझी पाठ होती. त्यांना नाही दिसणार तर कुणाला दिसणार?"

मी तोंड उघडलं. पण आतापर्यंत ज्या तोंडातून जहाजं, देवमासे आणि टोप्या निघाल्या, त्यातून आता काय काढू? काहीही काढलं तरी त्याच ढिगात जाऊन पडणार.

काडी परत खाली बसली, पट्टी दोन खाचा पुढे सरकवली, न मोजता, आणि स्क्रू आवळले. म्हणाली, "बसा ताई, पाय नीट बसतात का बघा."

बाळी बोटीत बसली. पाय आत घातले. तसूभरही फरक नव्हता. "बसले," ती म्हणाली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली, खांदे गदागदा हलेपर्यंत.

काडीनं पाना ठेवला, हात पँटला पुसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "नका रडू ताई," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुमचं पदक गेलं. मला माफ करा."